पहिली मोटरसायकल म्हणून जुनी स्प्लेंडर

शिकाऊ हाताला जुनीच गाडी बरी, असे ठरवून मी 2014 सालची स्प्लेंडर प्लस घेतली. नोंदणीची 15 वर्षे 2029 मध्ये संपणार असल्याने किंमतही बरीच उतरली. पहिल्या भेटीत विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले होते, त्यामुळे थंड गाडी किती किकमध्ये सुरू होते आणि निळसर धूर (म्हणजे इंजिन ऑइल जळत असल्याची खूण) सोडते का, हे कळेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवताच पुन्हा गेलो. धूर नव्हता. मात्र चेनकव्हरचे रबरी बूच काढून बोट लावले, तर चेन चांगली दीड इंच हलत होती आणि कव्हर उघडल्यावर स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या चाकाचे, दात करवतीसारखे झिजलेले दिसले. अशा वेळी नुसती चेन बदलू नये, कारण झिजलेले दात नवी चेनही लवकर खातात. मी चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच आणि दोन्ही ब्रेकशू बदलले आणि इंजिनासाठी पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर साफ करून घेतला.

97.2 सीसीचे हे इंजिन क्लचच्या चुका पोटात घालते, घाटात डबलसीट मात्र दमाने घ्यावे लागते. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या घेऊन आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री करूनच मी पैसे दिले.