झेडएसएच-ॲबर: काही महिने रोज वापरल्यावर

एलियास, म्हणजे लांब कमांडला दिलेलं छोटं नाव, सांभाळणारी साधनं ढोबळमानाने दोन प्रकारची. काही साधनं एलियास एका फाइलीत साठवतात, शोधून देतात, नाव बदलतात, पुसतात; एलियास शेवटी एलियासच राहतो. दुसरी साधनं टाइप केलेला शॉर्टफॉर्म कमांड चालण्याआधीच, डोळ्यांदेखत, पूर्ण कमांडमध्ये उलगडतात. झेडएसएच या शेलचं (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) झेडएसएच-ॲबर हे प्लगिन या दुसऱ्या प्रकारातलं, फिश नावाच्या दुसऱ्या शेलमधल्या ‘ॲबर’वरून सुचलेलं. काही महिने रोजच्या कामात वापरल्यावरचं मत: गिट, डॉकर, कुबेक्टल यांच्या लांबलचक कमांडसाठी एलियासपेक्षा हे कितीतरी सरस. पण एलियास सरसकट इकडे हलवायचे नसतात. आणि काही अडलं तर दोष सहसा शॉर्टफॉर्ममध्ये नसतो, तो की-बाइंडिंगमध्ये, म्हणजे कोणती की दाबल्यावर काय व्हावं या जोडणीत, असतो.

वापर अगदी सरळ आहे.

ॲबर जीसीओ='गिट चेकआउट'

एवढं एकदा दिलं की ‘जीसीओ’ टाइप करून स्पेस दाबताच त्याजागी ‘गिट चेकआउट’ येतं आणि कर्सर पुढे थांबतो. नोंद आपोआप फाइलीत जाते, झेडएसएचआरसीला (झेडएसएचच्या सेटिंगची फाइल) हात लावावा लागत नाही. खरा फायदा बोटं वाचण्याचा नाही, ती एलियासमध्येही वाचतात. फायदा हिस्टरीत, म्हणजे आधी चालवलेल्या कमांडच्या यादीत, दिसतो. एलियास वापरला की हिस्टरीत ‘जीसीओ’ एवढंच उरतं. कंट्रोल-आर दाबून ‘चेकआउट’ शोधलं तर काही सापडत नाही. इथे हिस्टरीत पूर्ण कमांड जाते. ती उचलून सहकाऱ्याला पाठवा, स्क्रिप्टमध्ये चिकटवा, एलियास नसलेल्या सर्व्हरवर चालवा, कुठेच अडत नाही. शिवाय एखादा फ्लॅग बदलायचा असेल तर तो समोरच असतो, एंटर दाबण्याआधी हवा तसा करता येतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. एंटरसुद्धा शॉर्टफॉर्म उलगडतो, आणि उलगडून लगेच चालवतो. म्हणजे न साठवलेले बदल पुसणाऱ्या ‘गिट रिसेट --हार्ड’साठी शॉर्टफॉर्म केला असेल आणि स्पेस न दाबता थेट एंटर दाबला, तर ‘आधी बघू, मग चालवू’ हा फायदा गेला. प्लगिन लोड झाल्यानंतरच्या ओळीत हे टाका:

बाइंडकी '^एम' ॲक्सेप्ट-लाइन

आता एंटर साधा एंटर. नुसता शॉर्टफॉर्म टाइप करून एंटर दाबला तर ‘कमांड नॉट फाउंड’ येईल, नुकसान काही नाही. सवय लागेपर्यंत थोडा त्रास होतो, पण धोक्याच्या कमांडसाठी शॉर्टफॉर्म असतील तर ही ओळ हवीच.

इन्स्टॉल करताना होमब्रू (प्रोग्राम बसवून देणारं साधन) असेल तर प्रश्न नाही. गिटवरून क्लोन करत असाल तर ‘--रिकर्स-सबमॉड्यूल्स’ विसरू नका. नव्या आवृत्त्यांना जॉब-क्यू नावाचा वेगळा भाग लागतो आणि तो सबमॉड्यूल (रिपॉझिटरीत जोडलेली दुसरी रिपॉझिटरी) म्हणून येतो. परवाना नेहमीच्या एमआयटी छापाचा नाही. ऑफिसच्या मशीनवर टाकण्याआधी तो वाचून घ्या.

आता जुने एलियास आणण्याबद्दल. ‘ॲबर इम्पोर्ट-एलियासेस’ ही कमांड चालू सेशनमधले एलियास उचलते, आणि घोळ इथेच होतो. ओह-माय-झेडएसएच (झेडएसएचसाठी तयार सेटिंग आणि प्लगिनचा संच) वापरत असाल तर त्याच्या गिट प्लगिनचे शंभरहून अधिक एलियास त्याच सेशनमध्ये असतात, तेही सगळे यादीत घुसतात. म्हणून आधी ‘--ड्राय-रन’ लावून काय येणार ते बघा. नको असलेलं प्लगिन तात्पुरतं बंद करून नवं शेल उघडा, मग इम्पोर्ट करा. आयात झाल्यावर झेडएसएचआरसीतल्या जुन्या ओळी पुसायच्या आणि ‘एक्झेक झेडएसएच’ द्यायचं. नुसतं ‘सोर्स’ करून भागत नाही. फाइलीतून पुसलेला एलियास चालू सेशनच्या स्मरणात तसाच राहतो, आणि नवं काम करतंय की जुनं, हे कळत नाही.

काही नावं साधन घ्यायलाच नकार देतं. त्या नावाची कमांड आधीपासून असेल तर ‘--फोर्स’शिवाय शॉर्टफॉर्म जोडला जात नाही. उदाहरण नेहमीचं: ‘गिट स्टेटस’साठी ‘जीएस’. मशीनवर घोस्टस्क्रिप्ट असेल तर त्याच्या प्रोग्रामचं नाव नेमकं हेच. एलियासने ते गुपचूप झाकलं असतं. इथे निदान हटकलं जातं. अशा वेळी जबरदस्ती करू नका, ‘जीएसटी’ ठेवा. आधी ‘टाइप -ए’ पुढे ते नाव देऊन बघितलं की त्या नावाचं काय काय आहे (एलियास, फंक्शन, बिल्टइन, फाइल) ते क्रमाने दिसतं.

आता मुख्य दुखणं: स्पेस दाबला, काहीच उलगडलं नाही.

सगळ्यात आधी ‘ॲबर लिस्ट’. यादीत शॉर्टफॉर्म आहे का? असेल तर फाइल ठीक, लोडिंग ठीक. मग हे द्या:

बाइंडकी ' '

उत्तरात विजेटचं, म्हणजे ती की दाबल्यावर चालणाऱ्या कृतीचं, नाव येतं. त्यात ‘ॲबर-एक्स्पांड’ असेल तर बाइंडिंग जागेवर आहे. ‘मॅजिक-स्पेस’ किंवा ‘सेल्फ-इन्सर्ट’ दिसलं तर नंतर लोड झालेल्या कुणीतरी स्पेसची की पळवली आहे. पहिला संशयित ओह-माय-झेडएसएच: त्याची की-बाइंडिंगची फाइल स्पेसला मॅजिक-स्पेस बांधते. झेडएसएच-ॲबरची सोर्स करायची ओळ ओह-माय-झेडएसएचच्या ओळीच्या वर असेल तर हे होणारच. ती खाली न्या. प्लगिनच्या यादीतून लोड करत असाल तर ही अडचण येत नाही, कारण तिथे आधी त्याच्या स्वतःच्या फाइली लोड होतात आणि मग प्लगिन.

दुसरा संशयित व्हीआय मोड, म्हणजे व्हीआय या एडिटरसारख्या कीज. ‘बाइंडकी -व्ही’ ही ओळ नेहमी प्लगिनच्या आधी हवी, नाहीतर बाइंडिंग एका कीमॅपमध्ये (बाइंडिंगच्या संचात) आणि आपण दुसऱ्यात, असं होऊ शकतं. झेडएसएच-व्हीआय-मोड नावाचं प्लगिन तर आपली बाइंडिंग पहिला प्रॉम्प्ट येण्याच्या सुमारास लावतं, त्यामुळे फाइलीतला क्रम बरोबर असूनही तेच जिंकतं. त्याच्या ‘झेडव्हीएम_आफ्टर_इनिट’ या फंक्शनात झेडएसएच-ॲबर सोर्स केलं की भांडण मिटतं.

याहून फसवं प्रकरण एडिटर व्हेरिएबलचं आहे. झेडएसएच सुरू होताना ‘व्हिज्युअल’ किंवा ‘एडिटर’ या व्हेरिएबलच्या किमतीत ‘व्हीआय’ ही अक्षरं सापडली तर तो आपणहून व्हीआयचा कीमॅप निवडतो. ‘व्हिम’मध्येही ती अक्षरं आहेत, ‘एनव्हिम’मध्येही. टर्मिनल उघडताना हे व्हेरिएबल अजून ठरलेलं नसतं, ते झेडएसएचआरसीत एक्स्पोर्ट होतं. त्यातून टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणारा प्रोग्राम) सुरू केलं की आतल्या शेलला ते वारशाने मिळतं. परिणाम असा की बाहेर एक कीमॅप, टीमक्समध्ये दुसरा, आणि स्वतः बांधलेल्या कीज एका ठिकाणी चालतात, दुसरीकडे नाहीत. उपाय एका ओळीचा: प्लगिन लोड होण्याआधी ‘बाइंडकी -ई’ किंवा ‘बाइंडकी -व्ही’ यांपैकी हवं ते स्वतः लिहा, निवड शेलवर सोडू नका.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर ‘झेडएसएच -एफ’ देऊन झेडएसएचआरसीशिवाय शेल उघडा, फक्त हे प्लगिन सोर्स करा आणि बघा. तिथे चाललं तर दोष आपल्या फाइलीत. तिच्यातल्या निम्म्या निम्म्या ओळी बंद करत गेलं की दोषी लवकर सापडतो.

पेस्ट केलेल्या मजकुरातले शॉर्टफॉर्म मात्र उलगडत नाहीत. तो बिघाड नव्हे. आधुनिक टर्मिनल पेस्ट केलेला मजकूर एकगठ्ठा देतं, त्यातल्या स्पेसवर विजेट चालत नाही. हे सोयीचंच आहे.

उलट अडचणही येते: शॉर्टफॉर्म तसाच ठेवायचा आहे, उलगडायला नको. त्यासाठी कंट्रोल-स्पेस आहे. पण मॅकवर एकाहून जास्त भाषांचे कीबोर्ड लावलेले असतील, म्हणजे मराठी टाइप करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचेच, तर कंट्रोल-स्पेस हा कीबोर्ड बदलण्याचा शॉर्टकट असतो आणि टर्मिनलपर्यंत पोचतच नाही. लिनक्सवर एफसीआयटीएक्स या भाषा बदलून टाइप करायच्या साधनाचाही मूळ शॉर्टकट तोच. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये तो बदला, किंवा कंट्रोल-व्ही दाबून मग स्पेस द्या. कंट्रोल-व्हीनंतरची की जशीच्या तशी घातली जाते, त्यामुळे उलगडणं टळतं.

ग्लोबल शॉर्टफॉर्म, म्हणजे ‘-जी’ लावून केलेले, ओळीत कुठेही उलगडतात. साधे शॉर्टफॉर्म मुळात ओळीच्या सुरुवातीलाच. ‘पाइप लेस’, ‘पाइप ग्रेप’ यांसाठी ग्लोबल मोहात पाडतात, पण नाव एकअक्षरी लहान लिपीत ठेवलं की पंचाईत. त्याच नावाची फाइल, ब्रँच किंवा शोधायचा शब्द टाइप केला तरी उलगडतं. ग्लोबल नावं कॅपिटलमध्ये आणि निदान दोन अक्षरी ठेवा, आणि मोजकीच ठेवा. सुडोमागे (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारी कमांड) साधा शॉर्टफॉर्म हवा असेल तर आधी तो उलगडून घ्या, मग कंट्रोल-ए दाबून ओळीच्या सुरुवातीला सुडो लिहा. एलियासच्या जमान्यात यासाठी ‘एलियास सुडो='सुडो '’ असा शेवटी रिकामी जागा सोडलेला एलियास लागायचा. त्या जागेमुळे शेल पुढचा शब्दही एलियास म्हणून तपासतं.

सगळ्यात उपयोगी पडलेली सुधारणा कर्सरची. ‘ॲबर_सेट_एक्स्पान्शन_कर्सर=1’ केलं की उलगडलेल्या मजकुरात जिथे टक्क्याचं चिन्ह असेल तिथे कर्सर जातो:

ॲबर जीसीएम='गिट कमिट -एम "%"'

स्पेस दाबा आणि थेट अवतरणांच्या आत संदेश लिहायला लागा. पण ज्या कमांडमध्ये टक्का खरोखर लागतो, उदाहरणार्थ ‘डेट’चं फॉरमॅट किंवा ‘गिट लॉग’चं फॉरमॅट, तिथला पहिला टक्का खाल्ला जातो आणि कमांड मोडते. ‘ॲबर_एक्स्पान्शन_कर्सर_मार्कर’ला दुसरं काहीतरी, कमांडमध्ये कधी न येणारं चिन्ह द्या आणि विषय संपवा.

दुसरी सोय आठवणीची. ‘ॲबर_गेट_अव्हेलेबल_ॲब्रीव्हिएशन’ आणि ‘ॲबर_लॉग_अव्हेलेबल_ॲब्रीव्हिएशन’ हे दोन्ही 1 केले की पूर्ण कमांड हाताने टाइप केल्यावर ‘याचा शॉर्टफॉर्म आहे’ असं साधन सांगतं. हात बसेपर्यंत छान, नंतर डोक्याला ताप. तेव्हा बंद करा.

अवतरणांचा नियम एलियाससारखाच कडक. विस्तारात डॉलरचं चिन्ह असेल तर एकेरी अवतरणं. दुहेरीत दिलं तर व्हेरिएबलची त्या क्षणाची किंमत कायमची गोठते: ‘पीडब्ल्यूडी’ (चालू फोल्डरचा पत्ता) वापरलेला शॉर्टफॉर्म जन्मभर त्या एकाच फोल्डरकडे बोट दाखवत राहतो. जोडल्यावर ‘ॲबर एक्स्पांड’ देऊन काय साठवलं गेलं ते तपासा.

नोंदींची फाइल मुळात कॉन्फिग फोल्डरातल्या झेडएसएच-ॲबर फोल्डरात असते. डॉटफाइल्सच्या (सेटिंगच्या फाइलींच्या) रिपॉझिटरीत ठेवायची असेल तर ‘ॲबर_यूझर_ॲब्रीव्हिएशन्स_फाइल’ला नवा पत्ता द्या, तोही प्लगिन लोड होण्याआधी. या फाइलीत टिपा लिहिण्याच्या फंदात पडू नका. साधन नवी नोंद करताना फाइल नव्याने लिहितं, त्यात टिपा आणि आपण लावलेला क्रम उडतो. हे खटकतं, एलियासच्या फाइलीत निदान गट पाडून शीर्षकं देता येत होती. एकाच मशीनपुरते शॉर्टफॉर्म झेडएसएचआरसीत ‘-एस’ (कॅपिटल एस) लावून सेशनपुरते करा, म्हणजे ते सामाईक फाइलीत जाणार नाहीत.

फिशशी तुलना केली तर काही उणं राहतं. जानेवारी 2023 मध्ये आलेल्या फिश 3.6 पासून तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराच्या साच्याने) जुळणारे आणि फंक्शन चालवून उलगडणारे शॉर्टफॉर्म करता येतात. इथे तसं नाही. विस्तारात एकेरी अवतरणांत ‘$(गिट ब्रँच --शो-करंट)’ ठेवता येतं, पण ते एंटरनंतर शेल सोडवतं, डोळ्यांसमोर ब्रँचचं नाव दिसत नाही.

रंगांचं आणखी एक. सिंटॅक्स हायलाइटिंगचं प्लगिन असेल तर न उलगडलेला शॉर्टफॉर्म लाल दिसतो, कारण शेलच्या दृष्टीने ती अनोळखी कमांडच आहे. दुर्लक्ष करा.

आता जे एलियासच राहू द्यावं ते. ‘एलएस’ला रंग, ‘ग्रेप’ला रंग, ‘सीपी’ला ‘-आय’ हे कमांडच्याच नावाचे एलियास हलवू नका. जबरदस्तीने हलवले तर प्रत्येक ‘एलएस’नंतर पडद्यावर फ्लॅगांची शेपूट उगवते आणि हिस्टरी भरते. मधे आर्ग्युमेंट घ्यायचं असेल, अट तपासायची असेल, तिथे फंक्शनच लिहा. त्याच नावाचा जुना एलियास शिल्लक असेल तर झेडएसएच ‘डिफायनिंग फंक्शन बेस्ड ऑन एलियास’ म्हणत अडतो: फंक्शनचं नाव वाचतानाच ते एलियास समजून उलगडलं जातं. आधीच्या ओळीत ‘अनएलियास’ द्या, किंवा कंसांऐवजी ‘फंक्शन’ हा शब्द आधी लावून लिहा. त्या जागी एलियास उलगडत नाही. आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा), मेकफाइल (बिल्डच्या कमांडची फाइल), एडिटरमधून चालणाऱ्या कमांड इथे शॉर्टफॉर्मची अपेक्षा ठेवू नका. तिथे कुणी स्पेस दाबत नाही, त्यामुळे विजेट चालण्याचा प्रश्नच येत नाही. पूर्ण कमांडच लिहावी लागते.