आठ महिने व्हीपीएन, डोंबिवली ते दादर

सीए फर्ममध्ये आहे. आठवड्यातले तीन-चार दिवस क्लायंटकडे ऑडिटला. लॅपटॉप ऑफिसचा, पोटात लोकांचे ताळेबंद आणि पॅन कार्डं. ऑफिसने व्हीपीएन (नेटवरची सगळी ये-जा कुलूपबंद बोगद्यातून नेणारी सोय) सक्तीचं केलं तेव्हा मी कुरकुरलो होतो. हल्ली बहुतेक साइट एचटीटीपीएस, म्हणजे मजकूर आधीच कुलूपबंद करणाऱ्या असतात, मग हे झंझट कशाला?

मग एकदा सकाळच्या फास्टला चक्क खिडकी मिळाली. लॅपटॉप उघडला तर स्टेशनच्या फुकट वाय-फायला आपसूक जोडलेला. ठाणं गेलं, मुलुंड गेलं, भांडुपही मागे पडलं, तरी जोडलेलाच! स्टेशन काय गाडीबरोबर धावतं? डब्यातल्याच कुणीतरी आपल्या हॉटस्पॉटला तेच नाव दिलं होतं. गंमत की आणखी काही, देव जाणे. बिनपासवर्डचं नेटवर्क लॅपटॉप नावावरूनच ओळखतो, आणि 'आपोआप जोडा'वरची टिक माझीच. मुंबई सेंट्रलला 2016 मध्ये गुगल-रेलटेलचं वाय-फाय आलं तेव्हापासूनची फुकट्या सवय, दुसरं काय! त्याच संध्याकाळी जुनी नेटवर्कं एकेक करून पुसली.

व्हीपीएनबद्दल: वेग थोडा कमी होतो, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर रिमोटवर चालवताना जाणवतो, पण चालतं. एचटीटीपीएसमध्ये मजकूर झाकला जातो, तरी कुठल्या साइटवर आहात ते वाय-फायवाल्याला बहुधा दिसतं; इथे तेही दिसत नाही. किल स्विच उत्तम, व्हीपीएन तुटलं की नेटच बंद.

खरी डोकेदुखीही तोच. कॅफेत ओटीपीचं पान उघडल्याशिवाय नेट नाही, आणि किल स्विच चालू असेपर्यंत ते पान उघडत नाही. म्हणजे तेवढ्यापुरतं चिलखत उतरवा. त्या दोन मिनिटांत मेल, ड्राइव्ह सगळे बाहेर धावायला बघतात. मी आधी सगळं बंद करतो, मग ओटीपी. आयटीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मोबाइलचं नेट वापरा ना." सहा महिने हे कुणी बोललं नव्हतं!

आता यूएसबी केबल लावून फोनचंच नेट, वर व्हीपीएन. ओटीपीचं पान नाही, नावांचा घोळ नाही, फोन चार्जही होतो. फक्त 20 तारखेला, जीएसटीआर-3बी या जीएसटी रिटर्नच्या गर्दीत, दिवसाचा दीड जीबी दुपारी चारलाच संपतो. मग दादरचा कॅफे, कटिंग आणि पुन्हा तोच ओटीपी.