इंजिन रेटिंगच्या कोर्सचे पैसे भरण्याआधी हे वाचा

माझी तक्रार अजून चालू आहे, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही. पण जहाजाच्या इंजिन रूममध्ये रेटिंगची, म्हणजे अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या खलाशाची, नोकरी मिळावी म्हणून जी मुलं आज कोर्स शोधत फिरतायत, त्यांच्यापर्यंत हे पोचायलाच हवं. माझ्या तुकडीतल्या अकरा जणांना मी वेळेत सावध करू शकलो नाही, ते मनातून जात नाही.

जाहिरात साधी होती. ४५ दिवसांत इंजिन वॉचकीपिंगचं (पाळीने इंजिनवर लक्ष ठेवण्याचं) प्रमाणपत्र, मालवाहू जहाजावर हमखास जॉइनिंग, फी दोन हप्त्यांत. खोट पहिल्याच वाक्यात होती, पण मला नियमच माहीत नव्हता. खलाशांच्या प्रशिक्षणाचा एसटीसीडब्ल्यू हा १९७८ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या तिसऱ्या प्रकरणातल्या चौथ्या नियमाप्रमाणे वॉच रेटिंगला इंजिन विभागात किमान ६ महिने मान्य सागरी सेवा लागते. विशेष प्रशिक्षण घेतलं, तरी किमान २ महिने समुद्रावर काढावेच लागतात. म्हणजे जमिनीवर बसून ४५ दिवसांत हे प्रमाणपत्र मिळूच शकत नाही. एवढं एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

वर्गामागच्या शेडमध्ये सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, नुकताच हिरवा रंग मारलेलं. सुरू कधी करायचं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘स्टार्टिंग एअरच्या बाटलीचं काम निघालंय.’ म्हणजे इंजिन सुरू करायला लागणाऱ्या दाबाच्या हवेची टाकी. तिसऱ्या आठवड्यात मी दुपारी एकटाच तिथे गेलो आणि क्रँककेसचं दार काढून आत टॉर्च मारला. आत क्रँकशाफ्टच, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडाच, नव्हता. बेअरिंगच्या जागा रिकाम्या, तळाशी गंजाचा भुगा, तेलाचा थेंब नाही. तो नुसता रंगवलेला सांगाडा होता. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘अरे, ते फक्त भाग ओळखायला ठेवलंय. खरं इंजिन जहाजावर बघशीलच.’ आणि मी गप्प बसलो, कारण पहिला हप्ता भरून झाला होता. तिथेच उठायला हवं होतं.

सुरक्षेच्या मूलभूत प्रशिक्षणाचंही तसंच. त्यात लाईफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची असते, उलटा झालेला लाईफराफ्ट सरळ करायचा असतो, श्वसनयंत्र लावून धुराने भरलेल्या खोलीत आग विझवायची असते. आम्ही कोरड्या हॉलमध्ये लाईफजॅकेट घालून ओळीने फोटो काढून घेतले आणि हजेरीपत्रकावर सह्या केल्या.

दुसऱ्या हप्त्याबरोबर ‘प्लेसमेंट चार्जेस’ म्हणून आणखी रक्कम घेतली. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग त्यात गेला. मूळ पासपोर्ट आणि सीमन बुक (खलाशाचं ओळख आणि नोंदीचं पुस्तक) ही ‘व्हिसासाठी’ म्हणून ठेवून घेतलं. बदल्यात प्रमाणपत्रासोबत एक पत्र मिळालं, मी कधी न पाहिलेल्या जहाजावर सहा महिने वायपर, म्हणजे इंजिन रूममधला साफसफाईचा मदतनीस, होतो असं सांगणारं. ते खोटं आहे हे मला कळत होतं. तरी मी ते घेतलं, आणि ती चूक माझी आहे.

मुलाखत एका मॅनिंग ऑफिसात, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणाऱ्या कचेरीत झाली. समोर सेकंड इंजिनियर म्हणून बरीच वर्षं काढलेले साहेब. पत्रावरचा जहाजाचा आयएमओ नंबर, म्हणजे सात आकडी ओळख क्रमांक, ९३१४५६७, त्यांनी कागदावर उतरवला. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणलं, बेरीज केली. १२९ आली. ‘बेरजेचा शेवटचा आकडा ९, म्हणून नंबरचाही शेवटचा आकडा ९ यायला हवा होता. इथे ७ आहे. असं जहाज असूच शकत नाही.’ मग शांतपणे विचारलं, ‘मेन इंजिन सुरू करण्याआधी इंडिकेटर कॉक का उघडतात?’ मला आलं नाही.

त्यांनी ओरडण्याऐवजी समजावलं. इंडिकेटर कॉक म्हणजे प्रत्येक सिलिंडरला असलेली छोटी तोटी. सिलिंडरमध्ये पाणी, इंधन किंवा तेल साठलं असेल तर इंजिन फिरवताना ते कॉकमधून बाहेर फेकलं जातं आणि कळतं. कॉक बंद ठेवून तसंच सुरू केलंत तर द्रव दाबला जात नाही. पिस्टन त्याच्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, सिलिंडर हेड फुटू शकतं. ‘आणि तेव्हा शेजारी तू उभा असतोस,’ ते म्हणाले. पैसे गेल्याचं दुःख तोवर होतंच, त्या वाक्याने पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून संस्थेच्या एजंटचा फोन बंद. मी नौवहन प्रशासनाला ईमेल केला, संस्थेचं नाव, कोर्स आणि प्रमाणपत्राचा क्रमांक देऊन. चार दिवसांत उत्तर आलं: हा क्रमांक नोंदीत नाही, संस्थेची मान्यता दोन वर्षांपूर्वीच संपली आहे. संस्थेच्या मान्यतेबद्दल असाच ईमेल फी भरण्याआधी फुकटात पाठवता आला असता. तुम्ही तरी पाठवा, आणि संस्थेने दाखवलेला मान्यतेचा कागद कितीही चकचकीत असला तरी उत्तर थेट प्रशासनाकडूनच घ्या.

प्लेसमेंटच्या पैशांबद्दलही तेव्हाच कळलं. २० ऑगस्ट २०१३ पासून लागू असलेल्या सागरी कामगार करारानुसार, म्हणजे एमएलसी २००६ नुसार, नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. त्याने फक्त वैद्यकीय प्रमाणपत्र, सीमन बुक आणि पासपोर्टसारख्या कागदांचा खर्च करायचा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. म्हणून कुणी जॉइनिंगसाठी पैसे मागितले तर तिथेच थांबा. मूळ कागदपत्रं तर कुणाच्या ड्रॉवरमध्ये ठेवूच नका. पोलिसांत अर्ज दिल्यावर माझी परत मिळाली, पैसे नाहीत.

आता प्रशासनाच्या यादीत स्वतः तपासून दुसरीकडे प्रवेश घेतलाय. पहिल्याच आठवड्यात इंजिन टर्निंग गिअरवर, म्हणजे ते हळू फिरवणाऱ्या यंत्रणेवर फिरवलं, मग गिअर सोडवून हवेचा झटका दिला. चार नंबरच्या कॉकमधून पाण्याचा फवारा आला आणि सरांनी लगेच हात वर करून सगळं थांबवलं.

जुन्या तुकडीतले दोघं तसलीच पत्रं घेऊन गेल्या महिन्यात जहाजावर चढलेत. तो फवारा पाहिला त्याच संध्याकाळी दोघांना इंडिकेटर कॉकबद्दल सविस्तर लिहून पाठवलं. अजून दोघांनीही वाचलेलं नाही.