ऑफिसातली फोम डार्टची बंदूक: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

ऑफिससाठी फोम डार्टची बंदूक, म्हणजे फोमच्या मऊ कांड्या उडवणारी खेळण्यातली बंदूक, घ्यायची असेल तर खोक्यावर लिहिलेला पल्ला बघून घेऊ नका. नर्फ या खेळण्यांच्या ब्रँडच्या एलिट मालिकेच्या खोक्यांवर ९० फुटांपर्यंतचा पल्ला छापलेला असतो, आणि तोही नळी वर धरून डार्ट कमानीत सोडला तरच मिळतो. छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतलं आमचं ऑफिस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ४० फूटसुद्धा भरत नाही. इतक्या जागेत कामाच्या गोष्टी तीनच: पटकन भरता आली पाहिजे, आवाज कमी पाहिजे आणि दर वेळी डार्ट त्याच जागी गेला पाहिजे. दिवाळीनंतर आम्ही चार-पाच जणांनी वेगवेगळ्या बंदुका आणल्या. चहाच्या सुट्टीत आणि लाइट गेली की खेळ सुरू व्हायचा. आता पावसाळा लागलाय, तेव्हा कोणती टिकली आणि कोणती कपाटात गेली ते सांगता येईल.

सगळ्यात जास्त हातात राहिली ती नर्फची डिसरप्टर. सहा डार्टचा फिरता सिलिंडर, वरची स्लाइड मागे ओढायची आणि सोडायचं. डार्ट समोरूनच बोटाने आत ढकलायचे असल्याने मॅगझिन (डार्ट भरायची वेगळी डबी) काढा-घालायची भानगड नाही. दोन कॉलच्या मधल्या वेळात भरून होते. ट्रिगर दाबून धरला आणि नुसती स्लाइड मागे-पुढे केली तर एकामागून एक डार्ट सुटतात, पण तसं करताना नेम राहत नाही. दुसरी आवडती म्हणजे जोल्ट. एकच डार्ट घेते, मुठीत मावते, ड्रॉवरमध्ये पेनांशेजारी पडून राहते. अकाउंट्सच्या ताईंनी फक्त जोल्टच वापरली आणि चहाचे कागदी कप पाडण्यात त्यांच्या जवळपास कुणी गेलं नाही. एका डार्टमुळे माणूस नेम धरायला शिकतो, हे मला त्यांच्याकडे बघूनच पटलं.

मोटरवाली बंदूक मात्र ऑफिसात नको. तिच्यात दोन चाकं गरगर फिरतात, डार्ट त्यांच्यात चेपून पुढे फेकला जातो. घरी, गच्चीवर मजा येते. पण चाकांना वेग यायला क्षणभर लागतो आणि तेवढा वेळ मिक्सर लावल्यासारखा आवाज होतो. आमचे ऑफिसचे मामा दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "सर, ती भुर्र करणारी नका आणू, खालचे लोक इचारायलेत." शिवाय पेन्सिल सेल संपत आले की वेग उतरतो आणि डार्ट मधेच जमिनीवर पडतो. डिसरप्टर, जोल्टसारख्या स्प्रिंगवालीला सेल लागत नाहीत.

खरेदीबद्दल थोडंसं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो खोक्यावर बघूनच घ्या. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं, त्यामुळे बाहेरून आलेला माल महाग वाटणारच. बिनमार्कची स्वस्त नक्कल आमच्यातल्या एकाने आणली होती. तिच्या डार्टचं टोक इतकं टणक होतं की आम्ही ती खेळात घेतलीच नाही.

आता फेरफार. इथे माझं मत ठाम आहे: ऑफिसच्या बंदुकीत ताकद वाढवू नये, हवेची गळती थांबवावी. आत एक दट्ट्या असतो. स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि त्याने दाबलेली हवा डार्टला बाहेर काढते. दट्ट्यावरची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, सैल असली तर हवा बाजूने निसटते, म्हणून एक डार्ट जोरात जातो आणि पुढचा लोळत. तपासायची रीत सोपी आहे. रिकामी बंदूक ताणा, नळीचं तोंड तळव्याने घट्ट बंद करा आणि ट्रिगर दाबा. दट्ट्या हळूहळू सरकला तर ठीक, फटकन पुढे आदळला तर हवा गळते. हे पुन्हा पुन्हा करू नका, आतल्या प्लास्टिकला झटका बसतो.

उपाय नळाच्या कामाची पांढरी टेफलॉन टेप. ओ-रिंग काढून तिच्या खाचेत टेपचे एक-दोन वेढे द्यायचे, वर रिंग परत बसवायची. वेढे जास्त झाले तर दट्ट्या अडकतो आणि होता तो वेगही जातो, म्हणून एक वेढा देऊन बघा, लागला तरच दुसरा. वरून सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. खनिज तेल किंवा व्हॅसलीन लावू नका. त्याने काही रबर फुगतात, काही प्लास्टिक खराब होतात. आणि ग्रीस थापूही नका. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ त्यावर बसते आणि काही आठवड्यांत दट्ट्या खरखरायला लागतो. उघडण्याआधी आतला फोटो काढून ठेवा, स्क्रू वाटीत ठेवा. दट्ट्या अडवून धरणाऱ्या खटक्याखालची बारीक स्प्रिंग उडून गेली की सापडत नाही.

जाड स्प्रिंग घालायचा मोह सगळ्यांना होतो. वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक भागात स्प्रिंग मिळणं अवघड नाही. पण हिशेब बघा. साधारण एक ग्रॅमचा डार्ट सेकंदाला ७० फुटांवरून १०० फुटांवर नेला, तर त्याची ऊर्जा दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने चढते. तो सगळा जोर आतल्या प्लास्टिकच्या खटक्यावर येतो आणि समोर डोळे असतात. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा बंदुकीच्या डार्टने डोळ्याच्या पुढच्या भागात रक्त साचलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. म्हणून आमच्याकडे पॉलिकार्बोनेटचा गॉगल घातल्याशिवाय कुणी बंदूक उचलत नाही. कारखान्यात कामगार वापरतात तोच पारदर्शक गॉगल, एमआयडीसीतल्या सेफ्टीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. नंबरचा चष्मा चालत नाही, बाजूने उघडा असतो. नेम कमरेच्या खाली किंवा कपांवर. नळीचं नारिंगी टोक रंगवायचं नाही, हाही नियम आहे. बाहेरच्या माणसाला लांबूनसुद्धा ते खेळणं आहे हे कळलं पाहिजे.

डार्टकडे लोक लक्ष देत नाहीत, पण नेम बिघडतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे. वाकलेला, चिरलेला डार्ट सरळ जात नाही, तो बाजूला काढा. रात्रभर नळीत किंवा सिलिंडरमध्ये ठेवू नका, फोम दबून राहतो. धूळ बसली की ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असताना एकाने डार्टची पिशवी उन्हातल्या गाडीत ठेवली आणि बऱ्याच डार्टची टोकं गोंद सुटून निघाली. उन्हाळ्यातली आणखी एक गोष्ट म्हणजे कूलर. त्याच्या झोतात इतका हलका डार्ट चांगलाच सरकतो, म्हणून आम्ही कप कूलरच्या रांगेतून काढून झेरॉक्स मशीनच्या बाजूला नेले. व्हाइटबोर्डवर खेळायचं असेल तर चिकटणाऱ्या रबरी टोकाचे डार्ट घ्या. बोर्ड आधी पुसून टोकाला जरासं पाणी लावलं की छान धरतात. मात्र त्यांचं टोक रुंद असतं, मॅगझिनच्या बंदुकीत ते जात नाहीत. समोरून भरायच्या डिसरप्टर आणि जोल्टमध्ये आम्ही तेच वापरतोय, आणि पुढची ऑर्डर त्यांचीच द्यायची ठरली आहे.