गर्दीच्या भागात स्वस्त पार्किंग: कोणती सेवा खरंच परवडते?

पार्किंगच्या फलकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेला दर सगळ्यात कमी कामाचा असतो. बिल ठरतं ते त्याखालच्या बारीक ओळीवर: ‘पुढील प्रत्येक तास किंवा त्याचा भाग’. गाडी दोन तास पाच मिनिटं उभी राहिली तर तासाच्या टप्प्याने आकारणी करणारा तीन तासांचे पैसे घेतो, पंधरा मिनिटांच्या टप्प्याने करणारा सव्वादोन तासांचे. म्हणजे दुसऱ्याचा ताशी दर वीस टक्क्यांनी जास्त असला, तरी बिल त्याच्याकडेच कमी येतं.

फलकावर आणखी तीन गोष्टी शोधायच्या. दिवसाची कमाल रक्कम किती? ‘दिवस’ म्हणजे आत शिरल्यापासून २४ तास, की मध्यरात्री नवा दिवस सुरू? रात्री दहाला लावलेली गाडी सकाळी सातला काढली तर पहिल्या पद्धतीत एक दिवस लागतो, दुसऱ्यात दोन. आणि पावती हरवली तर काय? बहुतेक ठिकाणी पूर्ण दिवसाचे पैसे घेतात, म्हणून आत शिरताच पावतीचा फोटो काढून ठेवावा. नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा असेल तर हा प्रश्न उरत नाही. फक्त पाटी चिखलाने माखलेली नको.

आता एकेका सेवेकडे वळू.

रस्त्याकडेची सशुल्क जागा अर्ध्या-पाऊण तासाच्या कामासाठी उत्तम आणि त्यापुढे वाईट. तिची रचनाच तशी आहे. जगातला पहिला पार्किंग मीटर १९३५ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसवला गेला, तो एकाच गाडीने दिवसभर दुकानापुढची जागा अडवू नये म्हणून. आजही मीटरच्या जागेला बहुतेकदा वेळमर्यादा असते, आणि पुन्हा पैसे भरले तरी ती वाढतेच असं नाही. ती ओलांडल्यावरचा दंड किंवा टोइंगचा खर्च धरला तर ही जागा सगळ्यात महाग.

जागेच्या शोधात घिरट्या घालणं मात्र फुकट नसतं, हे बरेच जण हिशेबात धरत नाहीत. ताशी १५ किलोमीटरने दहा मिनिटं फिरलं तर अडीच किलोमीटर होतात. अशा चालीत गाडी लिटरला दहा किलोमीटर देत असेल तर पाव लिटर इंधन तिथेच गेलं. त्यापेक्षा दोन गल्ल्या मागे थांबावं. साध्या चालीने ४०० मीटर म्हणजे पाच मिनिटं. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ साली एसएफपार्क नावाचा प्रयोग सुरू केला. त्यात दोन चौकांमधल्या प्रत्येक रस्त्याचा दर मागणीप्रमाणे बदलायचा: जागा ८० टक्क्यांहून जास्त भरत असेल तर दर वर, ६० टक्क्यांहून कमी भरत असेल तर खाली. त्यातून दिसलं ते असं की, खच्चून भरलेल्या रस्त्याच्या शेजारीच अर्धा रिकामा रस्ता असतो आणि लोक तिकडे वळत नाहीत. जिथे असे बदलते दर आहेत, तिथे नकाशात गंतव्याऐवजी दोन चौक अलीकडचा भाग शोधला की फरक लगेच दिसतो.

बहुमजली पार्किंग दोन-चार तासांसाठी सगळ्यात भरवशाचं. खालच्या मजल्यांवर गाड्या एकमेकींच्या मागे रिकाम्या जागेची वाट बघत असतात, तेव्हा थेट वरच्या मजल्यावर जावं. लिफ्टने खाली यायला तेवढा वेळ लागत नाही. इथला खरा त्रास बाहेर पडताना होतो. नाटक किंवा सामना सुटल्यावर सगळे एकदम निघतात आणि फाटकापाशी पैसे देणाऱ्यांमुळे रांग तुंबते. जिन्याजवळ किंवा लिफ्टपाशी पैसे भरण्याचं यंत्र असेल तर गाडीकडे जाण्याआधी तिथेच भरावेत. त्यानंतर बाहेर पडायला दहा-पंधरा मिनिटांची मुभा मिळते, पण रांगेतच ती संपली तर फाटक उघडत नाही आणि फरक भरावा लागतो. त्यामुळे तुफान गर्दी असेल तेव्हा पैसे भरून गप्पा मारत उभं राहू नये.

तळघरातल्या पार्किंगमध्ये मोबाइलचं नेटवर्क जातं. ॲपवरून सुरू केलेलं सत्र, म्हणजे पार्किंगच्या वेळेची मोजणी, तिथून बंद होत नाही आणि मीटर चालूच राहतो. क्यूआर कोड उतारावर शिरण्याआधी किंवा फाटकापाशी स्कॅन करावा, आणि बाहेर आल्या आल्या सत्र बंद झाल्याचा संदेश तपासावा. एलपीजीवर चालणाऱ्या गाड्यांना काही तळघरांत मनाई असते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास खालीच साचून राहतो. फाटकापाशी वाद घालून उपयोग होत नाही, आधीच विचारून घ्यावं.

यांत्रिक पार्किंगबद्दल, म्हणजे जिथे यंत्रच गाडी उचलून कप्प्यात ठेवतं त्याबद्दल, मतं टोकाची आहेत आणि दोन्ही बाजूंचं खरं आहे. थोड्या जागेत जास्त गाड्या मावतात, म्हणून दर बरेचदा कमी असतो. पण गाडी त्यात बसली पाहिजे. पझल नावाच्या पद्धतीत गाड्या पोलादी पॅलेटवर, म्हणजे सरकत्या फळ्यांवर, उभ्या असतात. खालचे पॅलेट बाजूला सरकतात, मग वरचा खाली उतरतो. सरकायला जागा हवी म्हणून सगळ्यात वरची रांग सोडून प्रत्येक रांगेत एक कप्पा रिकामा ठेवावा लागतो. तीन मजले आणि चार रकाने असतील तर कप्पे बारा, गाड्या दहाच. शिवाय यंत्र एका वेळी एकच गाडी काढतं. एका गाडीला दीड-दोन मिनिटं धरली तर दहा जण एकदम आले की शेवटच्याला पंधरा-वीस मिनिटं ताटकळावं लागतं. म्हणून कार्यालयं सुटण्याच्या वेळी ही सेवा नकोशी वाटते. दुपारी तीनला तीच उत्कृष्ट.

गाडी आत घेण्याआधी नोंदणीपत्रातलं वजन आणि पुस्तिकेतली उंची बघावी. सेडानसाठीच्या कप्प्यांची उंची बऱ्याच यंत्रांत दीड मीटरच्या जराशी वर असते, त्यामुळे छोटी एसयूव्हीदेखील तिथे चालत नाही. वजनाची मर्यादा दोन टनांच्या आसपास असेल तर मोठी इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळेच बाद होते. छपरावरचं कॅरियर आणि उभी अँटेना काढायची, आरसे मिटायचे, सामान आणि माणसं आधी उतरवायची. चाकं पन्हळीत सरळ, हँडब्रेक ओढलेला, गिअर पार्कमध्ये किंवा पहिल्यात. मागचा बंपर सेन्सरच्या रेषेबाहेर राहिला की यंत्र हलतच नाही. लोक याला बिघाड म्हणतात, पण सेन्सर तेवढ्यासाठीच बसवलेला असतो. वीज गेल्यावर जनरेटरवर चालतं का, हे मात्र विचारलंच पाहिजे.

दुमजली स्टॅक, म्हणजे एका गाडीवर दुसरी उचलून ठेवणारं यंत्र, ही निराळी गोष्ट. तिथे खालची गाडी हलवल्याशिवाय वरची उतरत नाही, म्हणून किल्ली ठेवून जावी लागते. घाईचं काम असेल तर इथे लावू नये. किल्ली देण्याआधी गाडीचे चारी बाजूंनी आणि किलोमीटरच्या काट्याचे फोटो काढावेत. व्हॅलेला, म्हणजे तुमची गाडी दुसऱ्याने नेऊन लावण्याच्या सेवेलाही, हेच लागू.

पैशाच्या दृष्टीने सगळ्यात फायद्याची सेवा म्हणजे ॲपवरून आधी आरक्षित करायची खासगी जागा. कार्यालयांचे कप्पे रात्री आणि सुट्टीला रिकामे असतात, निवासी इमारतींचे दिवसा. मालकाला ती जागा तशीही पडूनच असते, म्हणून तो फाटकावरच्या दरापेक्षा कमी दराने देतो. संध्याकाळच्या कामासाठी कार्यालयाच्या इमारतीत, दिवसाच्या कामासाठी वस्तीत शोधावं.

घोळ होतो तो बारीकसारीक गोष्टींत. नकाशावरची खूण इमारतीच्या मध्यभागी असते, फाटक मागच्या एकेरी रस्त्यावर. प्रवेशद्वाराचा फोटो नसलेली नोंद सरळ वगळावी. पहारेकऱ्याला आरक्षणाची कल्पना नसते, म्हणून पुष्टीचा स्क्रीनशॉट आणि प्रवेशाचा कोड आधीच काढून ठेवावा. गाडीच्या नंबरातला एक अंक चुकला तर कॅमेरा ओळखत नाही आणि फाटकाचा पूर्ण दर लागतो. मधे बाहेर जाऊन परत येता येतं का, हेही वाचावं. बऱ्याच आरक्षणांत एकदा बाहेर पडलं की ते संपतं. वेळ संपल्यानंतरचा दर मूळ दराच्या कितीतरी पट असू शकतो, म्हणून अर्धा तास जास्तीचा घेतलेला परवडतो. तुलना करताना सेवाशुल्क धरूनच करावी. दीड तासाच्या आरक्षणात हे शुल्क सगळी बचत गिळून टाकतं, आठ तासांच्या आरक्षणात जाणवतही नाही.

दिवसभराचं काम असेल आणि तिथवर मेट्रो किंवा लोकल जात असेल, तर स्थानकाशेजारच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून पुढे जाणं परवडतं. शेवटची मेट्रो किंवा लोकल आणि पार्किंग बंद होण्याची वेळ जुळते का एवढं पाहावं.

मासिक पास घेताना पासाच्या किमतीला दिवसाच्या कमाल रकमेने भागावं. उत्तर चौदा आलं आणि महिन्यात बाराच दिवस गाडी आणायची असेल तर पास नको. दुसरा प्रश्न: जागा ठरावीक आहे की मिळेल ती? मिळेल ती असेल तर पार्किंग चालवणारा जागांपेक्षा जास्त पास विकतो, कारण सगळे रोज येत नाहीत. सोमवारी सकाळी मात्र सगळे येतात. पास घेण्याआधी सोमवारी साडेदहाच्या सुमारास एक चक्कर मारून किती कप्पे मोकळे आहेत ते डोळ्यांनी बघावं, आणि पासधारकाला जागा मिळाली नाही तर पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्यावं. फक्त दिवसाचा किंवा फक्त रात्रीचा पासही बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि तो पूर्ण पासापेक्षा स्वस्त असतो, पण फलकावर लिहिलेला नसतो. तो खिडकीवर विचारूनच कळतो.