उत्तर ब्रिटनची सावकाश सफर आखून देणारे राजारामपुरीतील कार्यालय : एक अभिप्राय

परदेश सहलीसाठी कोल्हापुरातील बहुतेक कुटुंबे गटाने नेणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडेच जातात, आणि पहाटे बसमध्ये बसून दिवसाकाठी तीन शहरे पाहण्यात ज्यांना आनंद आहे त्यांच्यासाठी ती सोय उत्तमच आहे. आमची गरज वेगळी होती. माझे पती डच नागरिक, माझा पासपोर्ट भारतीय. दोघांनाही लंडन नको होते, गाडी चालवायची नव्हती आणि एका गावात निदान दोन रात्री तरी काढायच्या होत्या. राजारामपुरीतील एका छोट्या कार्यालयाने ही सफर आखून दिली. तिकिटे आणि खोल्या आम्हीच आरक्षित करायच्या, कार्यालयाने फक्त सविस्तर आराखडा द्यायचा आणि त्याचे ठरावीक शुल्क घ्यायचे, अशी त्यांची पद्धत आहे. दलाली नसल्यामुळे महागडे हॉटेल गळ्यात मारण्याचे त्यांना कारण उरत नाही, हे मला पहिल्या भेटीतच पटले.

पहिला आराखडा मात्र निराशाजनक होता. यॉर्क, विंडरमिअर, एडिंबरा, लॉख नेस सरोवर आणि स्काय बेट हे सारे त्यात एकामागोमाग कोंबलेले होते. आम्ही तो परत केला, तेव्हा नियोजन करणाऱ्या मॅडमनी न दुखावता एकच प्रश्न विचारला : तुम्हा दोघांपैकी कोणाला काय पाहताना कंटाळा येतो? यांना किल्ले लवकर पुरे होतात आणि मला दुकाने, असे आम्ही सांगितले. दुसऱ्या आराखड्यातून लॉख नेस आणि स्काय दोन्ही गायब झाले. या कार्यालयाचे खरे कौशल्य अशा गाळण्यात आहे, असे माझे मत झाले.

रेल्वेची आखणी हा त्यांच्या कामाचा सर्वांत भरीव भाग. लीड्सहून सेटलमार्गे कार्लाइलला जाणारा लोहमार्ग 1980 च्या दशकात बंद होण्याच्या बेतात होता आणि 1989 मध्ये तो वाचला. त्यावरील रिबलहेडचा 24 कमानींचा पूल छायाचित्रांतून सर्वांना ठाऊक असतो. पण गाडी पुलावरून जात असताना आत बसलेल्याला पूल दिसत नाही, ही साधी गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही रिबलहेड स्थानकावर उतरावे, खाली चालत जाऊन कमानी पाहाव्यात आणि नंतरच्या गाडीने पुढे जावे, असे आराखड्यात लिहिले होते. आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते आणि त्यावर वाटेत उतरता येत नाही, त्यामुळे त्या दिवसापुरते थोडे महाग पण मोकळे तिकीट घ्यावे, हेही तेथेच नमूद होते. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमहून मालेगकडे जाताना डाव्या बाजूला बसावे म्हणजे ग्लेनफिननचा 21 कमानींचा काँक्रीटचा पूल वळणावर नीट दिसतो, आणि त्याच पुलावरून साधी गाडीही जात असल्याने वाफेच्या गाडीचा खर्च ऐच्छिक समजावा, हा सल्लाही अचूक ठरला. दोघांनी मिळून घ्यायच्या सवलत कार्डाचा हिशेब तर त्यांनी मांडूनच दिला होता. दोघेही सोबत असतील तर भाड्यात एकतृतीयांश सूट मिळते, फक्त कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघावे लागते. आमच्यासारख्या सावकाश न्याहारी करणाऱ्यांना ही अट अडचणीची नव्हती.

डोंगरांविषयीची त्यांची टीप सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी आवर्जून वाचावी अशी आहे. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील स्काफेल पाइक 978 मीटर आणि स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस 1,345 मीटर उंच, म्हणजे दोन्ही शिखरे आपल्या 1,646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा ठेंगणी. परंतु बेन नेव्हिसची चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासूनच सुरू होते आणि माथ्यावरची हवा घटकेत फिरते, तेव्हा आकड्यांवर जाऊ नये. सपाट देशात वाढलेल्या माझ्या पतींना हे सांगावे लागले नाही. सांगावे लागले ते मला.

रोमन काळातील हद्रियनच्या भिंतीसाठी हॉल्टव्हिसल स्थानकावर उतरून हंगामी बस घेण्याची सूचना होती. भिंतीचे काम इसवी सन 122 मध्ये सुरू झाले, आणि त्या बसने तेच साल आपला क्रमांक म्हणून मिरवावे, हे आम्हाला फारच आवडले. लिंडिसफार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो, म्हणून त्या दिवशीच्या सुरक्षित वेळा छापून आराखड्याला जोडल्या होत्या. डरहॅमच्या कॅथीड्रलला एक ओळ पुरेशी मानली होती. 1093 मध्ये सुरू झालेल्या त्या वास्तूसाठी मी अर्धे पान तरी दिले असते.

आता दोष. यांचा पासपोर्ट युरोपीय असल्याने त्यांना कोणत्याही कागदाची गरज नाही, असे आराखड्यात छापलेले होते. व्हिसा लागत नाही हे खरे, पण 2 एप्रिल 2025 पासून युरोपीय नागरिकांनाही प्रवासापूर्वी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना घ्यावा लागतो. आम्ही दाखवल्यावर त्यांनी दुरुस्ती केली. तरी वेगवेगळ्या नागरिकत्वाच्या जोडप्यांकडून शुल्क घेणाऱ्या कार्यालयाकडून ही चूक अपेक्षित नव्हती. याउलट माझ्या कागदपत्रांची यादी निर्दोष होती. परतीसाठी न्यूकॅसलहून नेदरलँड्सला जाणारे रात्रीचे जहाज सुचवताना, ब्रिटनच्या व्हिसावर तेथे उतरता येत नाही आणि शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागेल, हे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले होते.

जेवणाच्या बाबतीत तर त्यांनी आम्हाला ओळखलेच नाही. प्रत्येक गावातील भारतीय उपाहारगृहांची यादी आम्ही मागितली नव्हती. मटणावर वाढलेल्या कोल्हापूरच्या माणसाला तिथल्या मेंढीच्या मांसाची धास्ती वाटण्याचे कारण नाही, आणि तिखटापुरती कांदा-लसूण चटणी सोबत होतीच. त्याऐवजी लहान गावांतील पबची स्वयंपाकघरे लवकर बंद होतात, हे लिहायला हवे होते. जूनमध्ये एडिंबऱ्याला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. बाहेर लख्ख उजेड असताना जेवणाची वेळ टळून गेल्याचे लक्षातच येत नाही.

वृद्ध आईवडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी हे कार्यालय सुचवणार नाही, कारण सामान उचलणे आणि गाड्या बदलणे सर्वस्वी आपल्यावरच येते. दोघांनीच जायचे असेल, तर जूनच्या प्रवासासाठी फेब्रुवारीतच त्यांना भेटावे. ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, रेल्वेची आगाऊ तिकिटेही साधारण बारा आठवडे आधी खुली होतात, आणि बोटांचे ठसे देण्यासाठी कोल्हापूरकरांना पुण्याची एक फेरी करावीच लागते.