कान लावून पाहा म्हणाला, आम्ही लावला

आमची पतसंस्था यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. मी तिथे व्यवस्थापक. ऑफिसात आधी माशांची एक साधी टाकी होती. तिचा हवेचा पंप दिवसभर घर्रघर्र करायचा. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बाया काउंटरवर हळू आवाजात रक्कम सांगतात, ती रोखपालाला ऐकू येत नसे. म्हणून नवी टाकी घ्यायची तर आवाज नको, एवढीच आमची अट होती. ती अट आम्ही विकणाऱ्याला पहिल्याच फोनवर सांगून टाकली. आमचं दुखणं काय आहे ते त्याला आयतं कळलं.

अध्यक्षांनी नागपूरच्या एका दवाखान्यात समुद्राच्या पाण्याची टाकी पाहिली होती. प्रवाळ, नारिंगी मासे, निळा उजेड. तेव्हापासून त्यांच्या मनात तेच. ओळखीच्या ओळखीतून हा विकणारा आला. चार फुटी टाकी, अडीचशे लिटर पाणी, ६८ हजार रुपये. ५० हजार आधी, तेही त्याच्या खासगी नंबरवर यूपीआयने. बाकीचे टाकी बसल्यावर. बिल मागितलं तर साध्या कागदावर पावती दिली, जीएसटी नंबर नाही. कर्जदाराचा एक सातबारा कमी असला तर फाईल परत करणारे आम्ही, ती पावती व्हाउचरला टाचून मोकळे झालो.

पाडव्याला टाकी बसली. तो म्हणाला, "साहेब, सायलेंट रीफ टँक. कान लावून पाहा." अध्यक्षांनी खरंच चष्मा काढून काचेला कान लावला. "काहीच वाजून नाही राह्यलं जी," ते खूष होऊन म्हणाले. सगळे संचालक आळीपाळीने कान लावून गेले.

वाजणार काय? आत काही नव्हतंच. एक छोटा फिल्टर आणि निळा एलईडी, संपलं. समुद्राच्या टाकीत पाणी सतत फिरवावं लागतं, घाण फेसातून वेगळी काढणारं स्किमर लागतं, खालच्या कपाटात दुसरी टाकी आणि पंप लागतो. आणि आमच्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिलर. अशा टाकीचं पाणी २५-२६ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे बाहेर ४५ असतं. चिलर म्हणजे फ्रिजसारखा कॉम्प्रेसर, तो आवाज करणारच. हे सगळं मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी एक नारिंगी मासा उताणा पडला. फोन केला तर म्हणाला, "नवीन जागा आहे, सेट व्हायला वेळ लागतो." दोन नवीन आणून टाकले, दीड हजाराला एक. तेही गेले. खरं तर नव्या टाकीत मासे त्याच दिवशी सोडायचेच नसतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. याने पाणी भरलं आणि दुपारी मासे सोडून चहा पिऊन गेला. काळे मासे मात्र टुणटुणीत होते. ते मॉली निघाले, गोड्या पाण्याच्या दुकानात सहज मिळणारे.

संशय आमच्या शिपाईभाऊला आला. वर साचलेला फेस काढताना त्याने बोट जिभेला लावलं. "सायेब, हे त वरनाएवढंबी खारट नाही."

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे अडीचशे लिटरला पावणेनऊ किलो. त्याने माझ्यासमोर एक-एक किलोच्या दोनच पिशव्या ओतल्या होत्या, वर स्केचपेनने 'इम्पोर्टेड सी सॉल्ट' लिहिलेल्या. मोजायचं कसं? शेजारच्या दूध संकलन केंद्रातून लॅक्टोमीटर आणला. तो शेवटी पाण्याची घनताच मोजतो. चांगल्या दुधात २८-३० दाखवतो, साध्या पाण्यात शून्य. समुद्राच्या पाण्यात पंचविशीच्या आसपास यायला हवा. आमच्या टाकीत पाचावर तरंगत राहिला. दूधवाले काकाजी म्हणाले, "हे त पाण्यात पाणी घातलं न भाऊ." त्यांच्या धंद्यात यापेक्षा मोठी शिवी नाही.

पिशव्यांत साधं जेवणातलं मीठ असावं असा माझा अंदाज. समुद्री टाकीच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच असतं, प्रवाळ त्यावरच आपला सांगाडा बांधतो. नुसत्या मिठावर तो जगत नाही. पण आमचा प्रवाळ जगण्या-मरण्याच्या पलीकडचा होता. एका संध्याकाळी निळा दिवा बंद करून ट्यूबलाइट लावली. गुलाबी तुकड्यावर नख घासलं, रंग बोटाला आला आणि खालून पांढरा, छिद्राछिद्रांचा दगड दिसला. मेलेल्या प्रवाळाला रंग दिलेला. दोन तुकडे तर चक्क प्लास्टिकचे.

टिपेश्वर अभयारण्याकडे ड्युटी असलेला एक वनरक्षक आमचा खातेदार आहे. तो हप्ता भरायला आला आणि टाकीपाशी थबकला. पैसे गेले ते सोडा, खरी भीती त्याने घातली. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, आणि मेलेला तुकडा बाळगला तरी गुन्हाच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. समुद्रघोडाही त्याच यादीत. म्हणजे उद्या कोणी 'जिवंत कोरल' विकायला आला आणि ते अस्सल निघालं, तर अडकणार घेणाराही. आम्ही लेखी अर्जासह ते तुकडे वनविभागाकडे जमा केले. अध्यक्षांना त्या रात्री झोप लागली नाही म्हणे.

नंतर नागपुरात एका निवृत्त गृहस्थांच्या घरी खरी टाकी पाहिली. प्रवाळ कृत्रिम, मासे खरे. आवाज होता, पण बारीक. पंप जाड रबरावर ठेवलेला. खाली उतरणाऱ्या पाइपमध्ये हवा शिरली की गुळगुळ होते, म्हणून त्यांनी पाइपला व्हॉल्व्ह लावून तो पाण्याने भरलेला ठेवला होता. चिलर मागच्या खोलीत. पाणी आटलं की मीठ मागे राहतं म्हणून वरून आरओचं गोडंच पाणी घालायचे. "अजिबात आवाज नाही म्हणणाऱ्याला आधी चिलर कुठे आहे ते विचारा," ते म्हणाले. आम्ही विचारलं असतं तर त्याची तिथेच दातखीळ बसली असती.

विकणारा आता फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. वकिलांनी सांगितलं की पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, आणि आपल्या जिल्ह्यात दाखल करता येतं, त्याच्यामागे नागपूरला हेलपाटे नकोत. पोलिसांतही अर्ज दिला आहे. ऑडिटरने पावती पाहून पेन खाली ठेवला, तो प्रसंग वेगळा.

गेल्या आठवड्यात एका नव्या नंबरवरून मेसेज आला : "सर, आपल्या टाकीचा वार्षिक देखभाल करार संपत आहे. रिन्यू करायचा का?" उत्तर दिलं नाही. स्क्रीनशॉट काढून, नंबर दिसेल असा, तक्रारीच्या फाईलला लावला.